पाणी मुरायला हवं

“हिरवा रंग आला म्हणजे अमोनिया आहेच,” काचनळी उजेडात धरून आजोबा म्हणाले. “पाणी अजून मुरलेलं नाही.”

ती वरच्या खोल्यांतली भाडेकरू. रसायनशास्त्र शिकलेली, त्यामुळे घरमालकांच्या या उद्योगात तिला गंमत वाटायची. मागच्या व्हरांड्यातल्या टाकीचं पाणी पंपाने वरच्या खडीच्या वाफ्यात जायचं, माशांची घाण पालकाला खत व्हायची आणि स्वच्छ पाणी परत टाकीत ठिबकायचं.

“मग हे मासे आत्ताच कशाला सोडलेत?” टाकीत पाच करडे मासे फिरत होते.

“हे स्वस्तातले. नव्या टाकीत आधी असेच सोडायचे. टिकले, की मग चांगले आणायचे.”

“आणि नाही टिकले तर?”

“दुसरे आणायचे. खाणं सुटतंय का, तेवढं बघायचं. आणि हवेसाठी तोंड उघडून वर येतात का, ते.”

“अगदी आमच्या ह्यांच्यासारखं! पहाटे उठून खिडकीत तोंड उघडून उभे असतात. म्हणतात, खोलीत दम कोंडतो.”

आजोबा हसले नाहीत. “रोज?” एवढंच त्यांनी विचारलं.

इतकं कमी भाडं ऐकून नवरा म्हणाला होता, “कुठेतरी पाणी मुरतंय हं.” पण माणसं लाख मोलाची निघाली. आजी रोज डबा वर पाठवायच्या आणि परत आला की झाकण उघडून बघायच्या. “संपवलंत ना गं सगळं?”

“आधीचे भाडेकरू कुठे गेले हो, आजी?” तिने एकदा विचारलं होतं.

“गेले,” आजी म्हणाल्या आणि डबा धुवायला घेतला.

अडचण एकच होती. आजोबांची लेक दोन मुलींना घेऊन कायमची राहायला येणार होती, याच वरच्या खोल्यांत. ती येईपर्यंत राहा, असं ठरलं होतं. पण आता ही स्वतःच दोन जीवांची होती. कालच कळलं होतं; नवऱ्यालाही अजून सांगितलं नव्हतं. बाळ होईपर्यंत तरी हे घर सुटायला नको होतं.

आज तिने स्वतःच पाणी तपासलं. नळीत स्वच्छ पिवळा रंग आला. अमोनिया शून्य! ही बातमी देता देता मुदतीचंही विचारू, म्हणून नळी घेऊन ती व्हरांड्यातून आत निघाली. दाराशी आली तर आजोबा फोनवर लेकीशी बोलत होते.

“नाही गं, एवढ्यात नको. पोरींना आणायची घाई कशाला? आधीचे आठवडाभरही टिकले नाहीत.”

ती मनात हसली. मुलींच्या आधी माशांचीच काळजी!

“हे बरे दिसताहेत. एकाला हवा कमी पडते, पण खाणं चालू आहे… किती? तीन.”

तिने मागे वळून टाकीत पाहिलं. पाचही मासे मजेत फिरत होते.

“आले तेव्हा दोनच होते,” आजोबा म्हणाले. “तिसरं अजून पोटात आहे.”