कुलथ्यांची खिडकी

"कुणावर संशय आहे का, साहेब?" विमा एजंटानं फोनवर विचारलं.

"संशय कसला? नाव माहीत आहे," पार्किंगमध्ये उभा राहून तो मुद्दाम मोठ्यानं म्हणाला. नव्या गाडीच्या बॉनेटभर गोल गोल ओरखडे होते. गेल्याच आठवड्यात गाडी लावायच्या जागेवरून तळमजल्यावरच्या कुलथ्यांशी त्याचं वाजलं होतं. "ज्यानं हे केलं, त्याचे हात झडोत!"

कुलथ्यांनी खिडकी लावून घेतली.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. क्लेमसाठी फोटो काढायला तो सकाळी खाली उतरला, तर परवाच गावाहून आलेले वडील गाडीशी उकिडवे बसलेले. हातात नारळाचा काथ्या, शेजारी वाटीत राख.

"अण्णा, हे काय?"

"अरे, आज पूजा ना गाडीची! कबुतरांनी पार घाण केलीय. परवा पुढचं घासलं, आता दारं घेतो. कुलथे तेव्हाच म्हणाले, काका, काथ्यानं ओरखडे पडतील. म्हटलं, देवाचा तांब्या असाच लख्ख करतो मी. तरी बिचाऱ्यानं पाणी दिलं हो. आजही दिलं."

कुलथ्यांच्या उघड्या खिडकीतून पाइप बाहेर आला होता.

खिशातला फोन वाजला. एजंटच होता. "साहेब, तक्रारीत नाव काय घालू?"

"राहू द्या. क्लेम नको," तो कसाबसा पुटपुटला.

खिडकीतून आवाज आला, "काका, पाणी बंद करू का?"

अण्णांनी राखेनं माखलेले दोन्ही हात वर करून दाखवले. "थांबा हो, एवढे हात धुतो."