एकेचाळीस दिवस

तोइवो कालिओ रविवारचा काळा सूट घालून स्टेजमागच्या तारेच्या कुंपणाशी उभा होता. एल्डनने त्याला लांबूनच पाहिलं आणि हातातली गिटार बायकोच्या मांडीवर टाकली.

"बाबा आलेत," तो म्हणाला. "काळ्या सुटात. रोझ, आर्विड गेला."

"आधी विचार तरी," रोझलिन म्हणाली, पण तिचाही चेहरा उतरला होता. दोन वर्षं सासऱ्यांनी त्यांना साधा फोनसुद्धा केला नव्हता. एल्डनने टीव्हीवर या युद्धाला खाटिकखाना म्हटलं, तेव्हापासून. आणि एल्डनचा धाकटा भाऊ आर्विड आता त्याच युद्धात होता, व्हिएतनाममध्ये.

एल्डन पळतच कुंपणाशी गेला.

"जिवंत आहे," तो पोचायच्या आतच म्हाताऱ्याने सांगितलं. "अजून आहे."

एल्डनने तार घट्ट धरली. पलीकडच्या मैदानातून वीस हजार माणसं टाळ्यांच्या ठेक्यावर त्याच्या नावाचा गजर करत होती.

"मग तुम्ही डेट्रॉइटला कसे?"

"बसने. चौदा तास." म्हाताऱ्याने कोटाच्या आतल्या खिशावर हात ठेवला. "त्याचं पत्र आलंय. एल्डनला दाखवू नका, असं लिहिलंय त्यात. म्हणून दाखवत नाही, तोंडी सांगतो. त्याच्या सार्जंटला कळलंय, तो कोणाचा भाऊ ते. तू इथे सभेत गायलास की चार दिवसांनी तिकडे पेपर पोचतो. मग गस्तीत सगळ्यांच्या पुढे आर्विड. सुरुंग पहिल्यांदा ज्याच्या पायाखाली यायचा, त्या जागी. मागच्या महिन्यात चार वेळा झालं असं."

"बाबा, याची तक्रार करता येते. माझा वकील आहे..."

"वकील सोमवारी पत्र लिहील. सार्जंट उद्या सकाळी गस्त काढील." म्हातारा कुंपणाच्या अगदी जवळ आला. त्याने दाढी केली होती, पण हनुवटीखाली पांढरे केस तसेच राहिले होते. "एकेचाळीस दिवस राहिलेत त्याचे तिथले, मग तो घरी. तेवढे दिवस गप्प बस. मग घसा फाटेस्तोवर गा, मी एक शब्द बोलणार नाही."

तेवढ्यात सभेची सगळी व्यवस्था बघणारी हेस्टर धापा टाकत आली. "एल्डन, चल रे बाबा! लोक आता आवरत नाहीत. आणि त्या तिघी पहिल्या रांगेत येऊन बसल्यात."

त्या तिघी म्हणजे सक्तीच्या सैन्यभरतीचे कागद जाळल्याबद्दल तुरुंगात गेलेल्या तीन पोरांच्या आया. सभा त्या पोरांसाठीच होती. आयांना एल्डनने स्वतः फोन करून बोलावलं होतं.

"त्यांना मी शब्द दिलाय, बाबा."

"त्यांची पोरं तुरुंगात आहेत," म्हातारा म्हणाला. "तुरुंगात सुरुंग नसतात."

एल्डन मागोमाग आलेल्या रोझलिनकडे वळला. "तू सांग."

"मी नाही सांगणार." तिने गिटार पोटाशी धरली होती. "मी काहीही सांगितलं तरी पुढे कधीतरी तू मला त्याबद्दल माफ करणार नाहीस."

त्याने गिटार घेतली नाही. तसाच रिकाम्या हातांनी पायऱ्या चढून वर गेला. मैदान उभं राहिलं. आरडाओरडा थांबायला बराच वेळ लागला.

"आज मी गाणार नाही," तो माइकमध्ये म्हणाला.

लोक हसले.

"खरंच नाही गाणार. का, ते सांगता येत नाही. त्या तिन्ही मुलांची मी माफी मागतो. तुम्ही आता घरी जा."

हसणं थांबलं. कुणीतरी मागून शीळ घातली. पहिल्या रांगेतली एक आई उठली. हडकुळी बाई, डोक्याला हिरवा रुमाल. ती त्याच्याकडे टक लावून बघत राहिली. आपल्या पोराच्या आठवणीने याचा गळा दाटला, असंच तिला वाटलं असावं. कारण तिने त्याचं ते युद्धाविरुद्धचं गाणं स्वतःच सुरू केलं. बेसूर, पण ठाम आवाजात. शेजारच्या दोघी तिच्याबरोबर गायला लागल्या. मग ती रांग. मग मागची.

"नको!" एल्डनने दोन्ही हात वर करून हलवले. "गाऊ नका! ऐका माझं!"

गाण्याच्या आवाजात ते माइकमधूनही कुणाला ऐकू गेलं नाही. तो हातांनी ताल देतोय असं समजून सगळं मैदान गायला लागलं. टीव्हीचे कॅमेरे त्याच्या हातांवरून गर्दीवर आणि गर्दीवरून पुन्हा त्याच्यावर फिरत होते. त्याने हात खाली घेतले, ओठ घट्ट मिटले आणि तो नुसता उभा राहिला.

हेस्टरने म्हाताऱ्याला कुंपणातून आत घेतलं होतं. तो स्टेजच्या बाजूला उभा राहून फक्त एल्डनच्या ओठांकडे बघत होता. गाणं संपेपर्यंत ते हलले नाहीत. लोकांनी लगेच पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.

शेजारी एक वार्ताहर गुडघ्यावर वही टेकवून भराभर लिहीत होता. म्हाताऱ्याने त्याचा दंड धरला.

"तो गायला नाही. तसं लिहा. तो गायला नाही."

"आजोबा, वीस हजार लोक त्याच्यासमोर त्याचं गाणं म्हणतायत," वार्ताहर हसून म्हणाला. "तुम्ही कोण त्याचे?"

म्हाताऱ्याने टोपी काढली.

"मी आर्विडचा बाप."

"आर्विड कोण?"

आवाज इतका होता, की वार्ताहराला ते दोनदा विचारावं लागलं.