हळू बोल

अपेक्षानं हेडफोन घालून खोलीचं दार लावलं, की सोनाबाई भाकरी थापायची थांबायची. लेक पुण्याच्या सॉफ्टवेअर कंपनीचं काम भवानी पेठेतल्या घरातून करते, याचा तिला कोण अभिमान! "हळू बोल की, पोरगी मीटिंगमधी हाय," असं तिनं त्या दिवशीही शेजारच्या केराबाईला दटावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सोनाबाई त्याच दाराबाहेर छाती धरून बसली. केराबाई दार वाजवायला गेली, तर तिनं हात धरला.

"थांब गं. मीटिंग संपू दे."

दार उघडलं तेव्हा उशीर झाला होता.

तेराव्याला केराबाईनं हे सांगितलं. सगळे गेल्यावर अपेक्षा त्या उंबऱ्यावर येऊन बसली.



"आई, मीटिंग नव्हतीच गं. नोकरी जाऊन चार महिने झाले होते."