पहिल्या पानावरची बातमी

"अजून पहिलीच आहे," लिफ्टमिस्त्री म्हणाला आणि त्याने कॉम्प्युटर तिच्याकडे वळवला.

वेबसाइटवालीने खांद्यावरची पिशवीसुद्धा अजून उतरवली नव्हती. सकाळपासून हे तिसरं गिऱ्हाईक. आधीच्या दोघांना आठवड्याभरात इंटरनेटच्या शोधात सगळ्यांच्या वर यायचं होतं, जणू बाकीची दुनिया त्यांच्यासाठी सरकून बसणार होती. याला मात्र एक गोष्ट खाली न्यायची होती.

बातमी चार वर्षांपूर्वीची होती. तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट आलेली नसताना दार उघडलं आणि एका बाईने नेहमीसारखा पाय आत टाकला. ती वाचली नाही. आठच दिवस आधी ती लिफ्ट तपासून यानेच सही केली होती. दाराच्या कुलपाचा भाग कारखान्यातूनच सदोष आला होता असं चौकशीत निघालं आणि मिस्त्री सुटला. पण ते छापायला कोणाला सवड झाली नाही. त्याचं नाव शोधलं की तीच बातमी पुढे यायची. हळूहळू कामं बंद झाली. शेवटी मुलीने वेबसाइट काढून दिली आणि हिला गाठलं.

हिने पाच महिने घाम गाळला होता. लिफ्टची निगा कशी राखावी यावर बावीस लेख लिहिले, जुन्या गिऱ्हाइकांच्या मागे लागून चार बरे शब्द मिळवले, चौकशीचा निकाल सगळ्यांना दिसेल असा लावला. आता फोन येत होते. मुलगी ते घ्यायची, पत्ते उतरवून ठेवायची आणि बाप जागचा हलायचा नाही. दार उघडणाऱ्याने आधी बातमीच वाचलेली असणार, असं म्हणायचा. मुलगीही आता थकली होती. आज बाबा तयार झाले नाहीत तर वेबसाइट बंदच करून टाका, असं तिने सकाळी फोनवर सांगितलं होतं.

वेबसाइटवालीने आपला मोबाइल काढला, त्यावर मिस्त्रीचं नाव टाकलं आणि त्याच्यापुढे धरला. सगळ्यात वर त्याची वेबसाइट होती. पहिल्या-दुसऱ्या पानावर बातमी नव्हती, तिसऱ्यावरही नव्हती. चौथ्या पानाच्या अगदी तळाशी ती सापडली.

मिस्त्रीने चष्मा वर-खाली करून पाहिलं. मग माझ्याकडे वर कशी, असं त्याने विचारलं. तिने उलट विचारलं, की ती तुम्ही किती वेळा उघडता? रोज, तो म्हणाला. खाली गेली का बघायला. सकाळी एकदा, जेवण झाल्यावर एकदा. कधी कधी मध्येही.

"काका, तुमच्या कॉम्प्युटरला वाटतं तुम्हाला हीच वाचायची असते," ती म्हणाली. "आता ती वाचणारे तुम्ही एकटेच उरलात."

हे तिने आजवर कितीतरी गिऱ्हाइकांना समजावलं होतं. आपलंच दुकान आपल्याच मोबाइलवर पहिलं बघून फुगलेली माणसं ती. सांगितलं की त्यांची तोंडं उतरायची. तीच गोष्ट या घरात मात्र पहिल्यांदाच चांगली बातमी ठरली. दारात उभी राहून ऐकणारी मुलगी आत येऊन खुर्चीवर बसली. तिला रडू आवरेना.

कॉम्प्युटरची मागच्या शोधांची आठवण पुसायला दोन मिनिटं लागली. पुन्हा नाव टाकलं. वेबसाइट पहिली आली. मुलीने पत्त्यांचा कागद हळूच मिस्त्रीपुढे सरकवला, तेव्हा त्याने तो बाजूला केला नाही. पहिल्या पत्त्यावरची लिफ्ट किती जुनी आहे, एवढं मात्र विचारलं. वेबसाइटवालीची पाठ सकाळपासून पहिल्यांदा सैल झाली. आता घरी जाऊन नुसतं पडायचं, असं तिने ठरवलं.

मिस्त्रीने कीबोर्ड जवळ ओढला. एकेक अक्षर बोटाने शोधत तो लिहू लागला. खात्री करून घेतोय बिचारा, तिला वाटलं. पण ते त्याचं नाव नव्हतं. त्याने त्या बाईचं नाव लिहिलं, मधल्या नावासकट, कुठेही न अडखळता.

बातमी आली. पहिलीच.

मुलीने वेबसाइटवालीकडे पाहिलं. या नावावरूनही ती खाली नेता येईल, आणखी चारपाच महिने लागतील, असं वेबसाइटवाली सवयीने बोलून गेली.

"नको," मिस्त्री म्हणाला. "माझ्या नावावरून निघाली, तेवढं पुरे. तिच्या नावावरून काढू नका."

त्याने बातमी शेवटपर्यंत वाचली. मग उठला आणि हत्यारांची पेटी कुठे ठेवली आहे, ते मुलीला विचारलं.