स्त्रीलिंगी क्रियापद

“पहले निगेटिव. पर्चे में साफ़ लिखा है,” श्रीपादराव म्हणाले.

“निगेटिव ही खोल रहे हैं, बाबूजी.” मेकॅनिक मुस्तकीमने बॅटरीची तार बाजूला सारली. “आप पढ़ते रहिए, हम लगाते रहते हैं.”

लखनऊच्या आलमबागेतील घराच्या अंगणात राजसची लहानशी लाल गाडी बॉनेट उघडून उभी होती. इंजिनाला मोकळी हवा पुरवणारी, आज बसवायची नवी नळी आणि तिचा शंकूसारखा फिल्टर राजसनेच मागवला होता. खोके घरी पोहोचले ते तो गेल्याच्या तेराव्या दिवशी. त्यालाही आता सव्वा वर्ष झाले होते.

गाडीला मुस्तकीममार्फत शहराबाहेरच्या बख्शी का तालाब गावचे गिऱ्हाईक मिळाले होते. मात्र माणिकबाईंनी पतीला दोन अटी घातल्या होत्या. मुलाने हौसेने मागवलेली वस्तू बसवल्यावाचून गाडी फाटकाबाहेर जायची नाही, ही पहिली. दुसरी अवघड होती. गेल्या रविवारी मुस्तकीमने बॅटरी जोडून इंजिन चालू केले, तेव्हा अंगणात कोणीतरी ‘आई’ म्हटल्याचे त्यांनी स्वयंपाकघरातून ऐकले होते. तो राजस नव्हता हे आधी पटवून द्या, मग गाडी विका. मगच मी नागपूरला लेकीकडे, ऋताकडे राहायला येईन.

“तो हाक मारीत असेल, तर त्याला इथे एकटा टाकून मी येणार नाही,” असे त्यांनी ऋतालाही फोनवर सांगितले होते.

राजस लखनऊतच वाढला. त्याला मराठी सगळी समजे, पण उत्तर तो हिंदीत देई. ‘आई’ हा एकच शब्द त्याने मराठीत राखला होता. तापाने फणफणलेल्या त्याला श्रीपादरावांनी याच गाडीतून इस्पितळात नेले. विम्याची कागदपत्रे शोधण्यासाठी माणिकबाई मागे थांबल्या. त्या रिक्षाने येणार होत्या. इस्पितळाच्या दारात गाडी पोहोचली तेव्हा सारे संपले होते. त्या दिवसापासून त्यांचा एकच प्रश्न असे: वाटेत काही बोलला का? आणि श्रीपादरावांचे एकच उत्तर: काही नाही.

मुस्तकीमने जुन्या फिल्टरचा डबा उचलून पायरीवर ठेवला. त्यातून वाळलेली कडुलिंबाची पाने गळली. नवी नळी त्याने दोनदा फिरवून पाहिली, पट्ट्या आवळल्या, जुन्या नळीतला सेन्सर काढून नव्या नळीत बसवला.

“बाण हवेच्या दिशेने हवा. तीर, तीर देखिए,” श्रीपादरावांनी पत्रक पुढे केले.

“देख लिया.” मुस्तकीमने बॅटरीची तार पुन्हा जोडली. “अब सुनिएगा, कैसा साउंड आता है.”

“साउंड कशाला? आवाज़ कहिए. आवाज़ आती है. स्त्रीलिंग.”

मुस्तकीम हसला. “आप बैंक में थे कि मदरसे में? हमारे यहाँ तो साउंड ही आता है, बाबूजी.”

श्रीपादराव चालकाच्या आसनावर बसले. पत्रक त्यांनी शेजारच्या रिकाम्या आसनावर ठेवले. त्या आसनाची पाठ अजूनही थोडी मागे कललेली होती. ती सरळ करायचे त्यांच्याकडून दर वेळी राहून जाई. खिडकीच्या गजांमागे माणिकबाई उभ्या होत्या. आज त्या मुद्दाम ऐकायला आल्या होत्या.

श्रीपादरावांनी किल्ली फिरवली आणि पेडल दाबले. बॉनेटखालून एक दीर्घ, खोल श्वास ओढल्यासारखा ध्वनी उठला, पुन्हा उठला. उघड्या बॉनेटपलीकडून मुस्तकीमने ओरडून काहीतरी विचारले. ते त्या घोषातच बुडाले. मागोमाग एकच शब्द स्वच्छ ऐकू आला, अगदी कानाशी आल्यासारखा.

“आई.”

श्रीपादरावांनी इंजिन बंद केले. मुस्तकीमने आपली सुधारणा मानली म्हणायची. या विचाराने त्यांना क्षणभर समाधान वाटले.

माणिकबाई पायरीपर्यंत आल्या होत्या.

“अहो, ऐकलंत?”

“ऐकलं. हिंदीतलं क्रियापद ऐकलं. आवाज़ स्त्रीलिंगी, म्हणून ‘आई’, म्हणजे ‘आली’. आताच शिकवलं मी त्याला. रविवारीही इंजिन तपासताना हेच म्हणाला असणार. तो मराठी असता तर ‘आला’ म्हणाला असता, आणि तुझी आठवडाभराची झोप गेली नसती.”

“म्हणजे राजस नव्हता.”

“नव्हता.”

“रविवारीसुद्धा?”

“रविवारीसुद्धा नाही, माणिक.”

त्यांनी गाडीकडे पाहिले. “मला बरं वाटायला हवं ना आता?” त्या म्हणाल्या.

श्रीपादरावांनी पत्रक घडी घालून खिशात ठेवले आणि ते गाडीतून उतरले.

त्या आत गेल्या आणि तांदळाच्या डब्यामागे लपवलेली दुसरी किल्ली घेऊन आल्या. तिला राजसच्या शाळेच्या ओळखपत्राची निळी फीत बांधलेली होती. फितीची गाठ त्यांनी नखाने सोडवली, फीत हातात ठेवली आणि किल्ली मुस्तकीमला दिली.

“ले जाओ, बेटा. नागपूरची तिकिटं काढा हो,” असे म्हणून त्या आत वळल्या. दाराला आतून कडी लागल्याचे ऐकू आले.

मुस्तकीमने अवजारे मागे टाकली आणि तो गाडीत बसला. तेच खोल श्वास घेत गाडी फाटकापाशी आली. तिथे थांबून त्याने काच खाली केली.

“एक बात कहें, बाबूजी, बुरा मत मानिएगा,” तो हसत म्हणाला. “दुनिया भर की हिंदी सुधारते हैं, और आज ख़ुद चूक गए. हमने पूछा था, ‘साउंड आया?’ और आप गाड़ी के अंदर से बोले, ‘आई’.”