पाण्याची सुट्टी

अठ्ठेचाळीस अंशांत ऊसतोड थांबू नये म्हणून मुकादमानं चार वर्षांपूर्वी अख्ख्या टोळीची तहान ऑपरेशन करून काढून टाकली होती. पाण्याची सुट्टी तेव्हाच बंद झाली. आता सकाळ-संध्याकाळ भोंगा वाजला, की मोजून पाणी प्यायचं.

भरदुपारी मथुराचं दहा महिन्यांचं लेकरू फडाच्या कडेला रडू लागलं. तिनं मुंग्या झटकल्या, दुपटं बदललं, पदराखाली घेतलं; पण दूध आटलेलं होतं.

"आवो, कामून रडायलंय हे?" तिनं नवऱ्याला विचारलं.

लिंबाजीनं लेकराचं पोट चाचपलं. "पोट तर मऊ हाय."

दोघांनी आळीपाळीनं झोका दिला. झोक्याखालीच पाण्याचा कॅन होता, काठोकाठ भरलेला.

तासाभरानं रडणं थांबलं.

"झोपलं एकदाचं," म्हणत मथुरानं कोयता उचलला.