पाचव्या घशातला नट

नट बोटांतून सुटला आणि मिस्त्रीला तो पडताना ऐकू आला. टण्, टण्, आणि मग काहीच नाही. ते काहीच नाही सगळ्यात वाईट होतं.

समोर पिवळ्या गाडीचं बारा सिलिंडरचं इंजिन उघडं होतं. वर सहा कार्ब्युरेटर, त्यांची आ वासलेली बारा तोंडं. काम चालू असेपर्यंत प्रत्येक तोंडात फडक्याचा बोळा असलाच पाहिजे, हा नियम त्याने तीस वर्षं पाळला होता. आज एकच नट आवळायचा राहिला म्हणून बोळे आधीच काढले, आणि तोच एक नट पाचव्या घशात गेला.

त्याने तो कार्ब्युरेटर उतरवला आणि आत बॅटरी मारली. खाली, वाकणापाशी, मिटलेल्या व्हॉल्व्हवर नट चमकत होता. व्हॉल्व्ह मिटलेला होता हे नशीब. इंजिन नुसतं एकदा फिरलं असतं तरी नट सिलिंडरमध्ये उतरला असता, आणि या इंजिनाचे भाग आता कुणी बनवत नाही. बोट पोचेना. नट पितळेचा; पितळ लोहचुंबकाला भीक घालत नाही. तार घातली तर तो आणखी कोपऱ्यात सरकला. उरला एकच मार्ग, सगळं इंजिन खाली उतरवून खोलायचं. म्हणजे तीन आठवडे.

चारला गाडी न्यायला येणार असलेल्या तिच्या मालकीण आजीबाई तेवढ्यात आल्या. दोन वाजता. पायांत नवे पांढरे बूट.

"झाली का तयार?"

अमुक पार्ट आला नाही, असं म्हणणं सोपं होतं. ते वाक्य मिस्त्रीच्या जिभेवर आलंही होतं.

"आजी, माझ्या हातून नट आत पडला," तो म्हणाला.

आजीबाईंनी वाकून आत पाहिलं. मग स्टूल ओढून बसल्या.

"उद्या मला ऐंशी पूर्ण होतात. आज लायसन्स संपतंय, आणि पुढे चालवणार नाही असा लेकीला शब्द दिलाय."

"ठाऊक आहे, आजी."

"मग तोंड पाडून उभे काय राहिलात? काढा की तो."

मिस्त्रीने थोरल्या बहिणीला फोन लावला. ती कान-नाक-घशाची डॉक्टर. दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे.

"ताई, अरुंद जागेत बारीक वस्तू अडकलीय. तुझी हत्यारं घेऊन येतेस?"

"वय काय?"

"पंचेचाळीस."

"पंचेचाळिसाव्या वर्षी नाकात काय घातलं त्याने?" ताई म्हणाली, आणि निघाली.

गॅरेजमध्ये शिरताच तिने आजीबाईंचं नाक पाहिलं, मग भावाचं. त्याने गाडीकडे बोट दाखवलं.

"तीन कान आणि एक घसा ताटकळत ठेवून आलेय मी! या डबड्यासाठी?"

"डबडं म्हणू नका हो, ऐकतंय ते," आजीबाई म्हणाल्या.

ताईने भावाकडे असं पाहिलं की तो दोन पावलं मागे सरला. पण बॅग उघडली. कपाळाला दिवा बांधला, कोपर फडक्यावर टेकवलं आणि मगरीच्या जबड्यासारखा लांब चिमटा आत घातला. चिमटा नटावर मिटला आणि निसटला. पुन्हा मिटला, पुन्हा निसटला. नट तेलाने बुळबुळीत झाला होता.

"आणखी रेटलं तर?" मिस्त्री कुजबुजला.

"गप्प बस. मुलांच्या आयाही असंच विचारतात." ताईने चिमटा बाहेर काढला. "याला मधोमध भोक असतं ना?"

"नटाला असतंच."

"म्हणजे मणीच की. आठवड्याला दोन काढते मी."

तिने टोकाशी वाकवलेली एक बारीक सळी काढली. ती हळूच आत गेली, नटाच्या भोकातून पुढे सरकली, किंचित वळली. मिस्त्रीने श्वास रोखला होता. आजीबाईंनीही. सळी बाहेर आली तेव्हा तिच्या टोकावर नट डुलत होता.

ताईने तो भावाच्या तळहातावर ठेवला. "आईला सांगणार आहे मी."

आजीबाईंनी टाळ्या वाजवल्या.

पुढचं काम दीड तासाचं. या वेळी शेवटचा नट आवळून होईपर्यंत एकही बोळा हलला नाही. ताई मात्र गेली नाही. पेशंट शुद्धीवर आलेला पाहिल्याशिवाय जायचं नसतं, म्हणाली. किल्ली फिरवल्यावर इंजिन खोकलं, एकदा दणकून शिंकलं, आणि मग बाराच्या बारा सिलिंडरांचा एक सूर लागला. मिस्त्रीने कानाला नळी लावून एकेका तोंडाचा श्वास ऐकला, स्क्रू केसभर इकडे, केसभर तिकडे केले. ताई नळीकडे बघत होती. शेवटी तिने ती मागूनच घेतली आणि डोळे मिटून ऐकत राहिली.

पहिल्या फेरीला शेजारी मिस्त्रीने बसायचं, अशी रीत होती. त्याने दाराला हात घातला.

"तुम्ही नाही," आजीबाई म्हणाल्या. "डॉक्टरीणबाई."

"अहो, माझे पेशंट..."

"एकच फेरी. पुढच्या चौकातून वळसा घालून परत इथे."

गाडी जमिनीला इतकी टेकलेली होती की ताई तिच्यात बसली नाही, पडली.

मिस्त्री फाटकाशी उभा राहिला. दुसरा गिअर. तिसरा. आवाज चौकातून वळला. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. दवाखान्यातून होता.

"डॉक्टर निघाल्या का?"

"निघाल्या की."

"कुठवर आल्या?"

आवाज जवळ येत होता. मिस्त्रीने फाटकाची दोन्ही दारं सताड उघडली. पिवळी गाडी वळणावरून आली, आणि तिचा वेग काही कमी होईना. खिडकीतून ताईचा हात कोपरापर्यंत बाहेर आला होता, आणि तो पुढे, सरळ, रस्त्याकडे दाखवत होता.

"आत्ताच पुढे गेल्या," मिस्त्रीने सांगितलं.